सशाचे कान साच्यातच का मोडले? घरच्या साच्यातून काँक्रीटचा प्राणी ओतताना

प्रश्न असा आहे: बसलेला ससा, उंची साधारण ४० सेंमी, शाडूत घडवला. त्याचा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा साचा केला, आतून तेल लावलं आणि साचा उलटा धरून बुडाकडून सिमेंट-वाळू ओतली. दुसऱ्या दिवशी साचा उघडताना दोन्ही कान मोडले, चेहऱ्यावर प्लॅस्टर चिकटून राहिलं, हनुवटीखाली आणि पोटाजवळ भोकंच भोकं निघाली. मातीचा मूळ ससा साचा करतानाच गेला. अजून पाच-सहा ससे हवे आहेत. काय चुकलं आणि आता काय करायचं?

माल कसा घालायचा याचा विचार झाला, ससा बाहेर कसा निघणार याचा राहून गेला. सगळ्यांचं पहिल्या वेळी हेच होतं, माझंही झालं होतं. साचा करायला घेतला की मी आता उलटीकडून सुरुवात करतो. तयार प्राणी साच्यातून निघतोय असं डोळ्यांसमोर आणायचं आणि तो कुठे कुठे अडतो ते बोटाने चाचपायचं. कानामागे, दोन कानांच्या मधे, पुढच्या पायांच्या आत, शेपटीखाली. जिथे बोट वळवावं लागतं, तिथे साचा अडकणार.

प्लॅस्टर कडक आणि काँक्रीटही कडक. दोन कडक वस्तू एकमेकींत अडकल्या की एक मोडणारच, आणि एका दिवसाचा काँक्रीटचा कान त्या दोघांत जास्त कोवळा असतो. मूर्तिकार प्लॅस्टरच्या साच्यातून असे आकार काढतात, नाही असं नाही. पण त्यासाठी एकतर सुटे सुटे दहा-बारा तुकडे जुळवलेला साचा करावा लागतो, नाहीतर छिन्नीने फोडून टाकायचा एकदाचाच साचा. दोन भागांत सशाचे कान सुटणं अवघडच होतं.

चिकटण्याचं कारण वेगळं. प्लॅस्टर पाणी पितं, आणि तुमचं तेलही ते पिऊन बसलं. उघड्या राहिलेल्या बारीक छिद्रांत सिमेंटचं पाणी शिरलं आणि तिथेच घट्ट झालं. प्लॅस्टरमध्ये ओतायचंच असेल तर आधी लाखेच्या पॉलिशचे तीन हात द्यावे लागतात, पृष्ठभाग चकचकीत दिसेपर्यंत, आणि मग त्यावर मेण किंवा साबण. नुसतं तेल पुरत नाही.

मोडका ससा फेकला नसेल अशी आशा आहे, कारण आता तोच तुमचा मूळ नमुना. कानात आणि डोक्यात समोरासमोर ६ मिमीचं भोक पाडा, स्टेनलेस स्टीलची काडी इपॉक्सीने आत बसवा आणि कान जोडा. चिकटलेलं प्लॅस्टर ओलं करून खरवडून काढा. भोकं इपॉक्सी पुट्टीने भरा आणि हात लागलाच आहे तर चेहरा पुन्हा नीट कोरून घ्या. याच वेळी एक बदल कराच: कान उभे असतील तर मागे झुकवून पाठीला टेकवा. कान आणि पाठ यांतली फट पुट्टीने भरून टाका, खाच फक्त रेघेपुरती ठेवा. कानाच्या मुळाशी जाडी १५ मिमीच्या खाली नको. काँक्रीट दाब झकास झेलतं, पण ताण आणि वाकणं त्याला जमत नाही. सुटा पातळ उभा कान म्हणजे आज ना उद्या मोडणारा कान. काँक्रीटचे चांगले प्राणी गोळीबंद असतात ते याचमुळे. झोपलेलं मांजर, बसलेलं कासव, अंग फुगवून बसलेलं घुबड. चार बारीक पायांवर उभं हरीण पहिल्या वर्षात करू नका.

आता साच्याचं रबर. पर्याय चार आहेत आणि चारही मी वापरलेत.

सगळ्यात स्वस्त म्हणजे दुकानातलं खिडक्या-बाथरूमचं सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येतो ते. भांडी घासायच्या लिक्विड साबणाच्या पाण्यात ते पिळायचं आणि कणकेसारखं मळून नमुन्यावर थापायचं. मुठीएवढ्या वस्तूला छान चालतं. पण हे सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत वाळतं, दिवसाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. जाड थापलं तर आत कच्चं राहतं. शिवाय ते लवकर फाटतं. तुमच्या सशाच्या आकाराला मी वापरणार नाही.

दुसरं लॅटेक्स, म्हणजे अमोनिया घातलेला रबराचा चीक. ब्रशने पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. असे पंधरा-वीस थर आणि मधेमधे विरळ कापडाच्या पट्ट्या. खर्च कमी, पण चार-पाच दिवस जातात. लॅटेक्स ताणतं फार चांगलं, मोज्यासारखं उलटं सोलून काढता येतं. अवगुण दोन: वाळताना थोडं आकसतं, आणि खनिज तेल लागलं की कुजतं. म्हणून लॅटेक्सला सुटण्यासाठी साबणाचं पाणी लावायचं, तेल कधीच नाही. माझा एक चांगला साचा इंजिन ऑईलने दोन महिन्यांत चिकट लगदा झाला, तेव्हा हे डोक्यात बसलं.

तिसरं, दोन भाग मिसळून करायचं सिलिकॉन. यात कथलाच्या उत्प्रेरकाचं एक आणि प्लॅटिनमचं एक. प्लॅटिनमवालं जास्त टिकतं पण नखरेल आहे. नमुन्यात गंधक असलेली माती असेल किंवा लॅटेक्सचा हात लागलेला असेल, तर स्पर्शाच्या जागी ते गोठतच नाही, चिकट राहतं. लॅटेक्सचे हातमोजे घालून प्लॅटिनम सिलिकॉन ढवळलं आणि सगळा साचा वाया गेला, अशी माणसं मी पाहिली आहेत. कथलवालं असल्या गोष्टींची पर्वा करत नाही.

चौथं पॉलियुरेथेन रबर. काँक्रीटचं घासणं याला सगळ्यात चांगलं सोसतं, म्हणून ओतकामाच्या कारखान्यांत हेच जास्त दिसतं. पण ते ज्याला लागेल त्याला चिकटतं. नमुन्यावर मेण आणि सुटण्याचं द्रव्य काटेकोर लावलं नाही, तर नमुना आणि साचा यांचं कायमचं लग्न लागतं. शिवाय ते ओलाव्याला घाबरतं. काँक्रीटच्या नमुन्यात जरा जरी ओल राहिली तर बुडबुडे येतात.

तुम्हाला पाच-सहाच नग हवेत आणि नमुना काँक्रीटचा आहे. तेव्हा कथलाचं सिलिकॉन घ्या, शोअर ए २० ते ३० या कडकपणाचं. यापेक्षा मऊ घेतलं तर मालाच्या वजनाने फुगतं, कडक घेतलं तर कानामागून निघायला त्रास देतं. किती लागेल? तुमच्या सशाच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण ०.३ चौरस मीटर धरलं आणि थर सरासरी ८ मिमी, तर अडीच लिटरच्या आसपास. म्हणजे ३ किलो. सांडलवंड धरून थोडं जास्त आणा.

नमुना पूर्ण कोरडा करून लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन हात द्या, वर पातळ मेण. काँक्रीट सच्छिद्र असतं, त्या छिद्रांत सिलिकॉन शिरलं की सोलताना दोघांची कातडी निघते. मग पहिला थर. हा अगदी पातळ, सायीसारखा, आणि घाई न करता. ब्रशने डोळ्यांच्या कडा, मिशांच्या रेघा, बोटांच्या फटी यांत नुसतं टेकवत जा, ओढू नका. ओढलं की हवा आत पकडली जाते. या थरातला प्रत्येक बुडबुडा पुढे प्रत्येक सशावर पुरळ होऊन येणार आहे. बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही इतका तो गोठला की दुसरा थर. तिसऱ्या-चौथ्या थराला रबर घट्ट करायचं द्रव्य घाला, म्हणजे उभ्या बाजूवरून ओघळणार नाही. कानामागची आणि पायांमधली खोल जागा या घट्ट रबराने पुरती भरून टाका. बाहेरून साचा गुळगुळीत टेकडीसारखा दिसायला हवा, सशासारखा नाही. पुढे यावर कडक खोळ, म्हणजे मऊ रबराला आकारात धरणारं बाहेरचं कवच, बसणार आहे आणि तिलाही सुटायचं आहे. सगळ्यात शेवटी रबराच्या पाच-सहा गोट्या, अर्ध्या कापून, ठिकठिकाणी चिकटवा. खोळीत रबर दर वेळी त्याच जागी बसावं यासाठी त्या खुंट्या.

खोळ प्लॅस्टरचीच करा, इथे ते योग्य आहे. सशाच्या नाकापासून मागच्या बाजूपर्यंत मधोमध मातीची भिंत उभी करायची, भिंतीत अंगठ्याने दोन-तीन खळगे करायचे आणि एका अंगाला प्लॅस्टरमध्ये बुडवलेल्या काथ्याचे थर द्यायचे. जाडी २० ते २५ मिमी. घट्ट झाल्यावर भिंत काढा, कडेला व्हॅसलिन फासा, दुसरं अंग करा. बूड सपाट येईल असं बघा, कारण साचा उलटा होणार तेव्हा बुडाची कडा आडवी पातळीत हवी. कानांकडची बाजूही सपाट करून घ्या, साचा त्यावर उभा राहायचा आहे. खोळीचे दोन भाग बोल्टने किंवा जाड पट्ट्याने आवळता यायला हवेत.

खोळ उघडली की रबर एका जागी कापायचं: बुडापासून पाठीवरून मानेपर्यंत. सरळ नको. नव्या ब्लेडने नागमोडी कापा, म्हणजे दोन कडा परत जुळवताना दात दातात बसतात आणि सांध्याची रेघ जवळजवळ दिसत नाही. हे मला फार उशिरा कुणीतरी सांगितलं. त्याआधी प्रत्येक कासवाच्या पाठीवरची शिवण कानशीने घासण्यात माझे कित्येक रविवार गेलेत.

आता माल. आधी साच्याचं पोट मोजा. खोळीत बसवलेलं रबर उलटं करून मापाने पाणी ओता. सांध्यातून गळत असेल तर कोरडी वाळू मापून ओता. तुमच्या सशाला साधारण ११ लिटर निघतील असा माझा अंदाज आहे. एक लिटर ओल्या मालाचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास, म्हणजे भरीव ससा २४-२५ किलोचा. १२ लिटरचा घाणा करायचा तर ८ किलो सिमेंट, १६ किलो बारीक वाळू आणि ३.२ लिटर पाणी. खडी नको. मिशांच्या रेघांत खडीचं काय काम? वाळू २ मिमीच्या चाळणीतून काढून घ्या आणि माती असेल तर धुऊन घ्या.

पाण्याबद्दल जरा रेंगाळतो, कारण निम्मे ससे इथे बिघडतात. पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन, हे गुणोत्तर काँक्रीटची ताकद ठरवतं. डफ अब्राम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ साली ते मांडलं आणि आजही सगळे त्याच हिशोबाने चालतात. वरच्या मापात ते ०.४ आहे. या पाण्यात माल तुम्हाला कोरडा वाटणार. हात आपोआप तांब्याकडे जाणार. तिथे थांबा. जास्तीचं पाणी सिमेंटला लागत नाही. ते नंतर उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं. माल पातळ हवा असेल तर सुपरप्लॅस्टिसायझर घाला, सिमेंटच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे इथे ४० ते ८० ग्रॅम. डब्यावरची मर्यादा बघा. दोन मिनिटं काहीच होत नाही आणि मग अचानक सगळा घाणा दह्यासारखा सैल होतो. पहिल्यांदा पाहताना जादूच वाटते.

आणि वाळूतलं पाणी. बाहेर पडलेल्या ओलसर वाळूत वजनाच्या ५ टक्के पाणी सहज असतं. १६ किलोत ते झालं ०.८ लिटर, तुमच्या एकूण पाण्याचा चौथा हिस्सा. ते न धरता वरून मोजून ३.२ लिटर घातलंत तर गुणोत्तर ०.४ वरून ०.५ वर गेलं. 'मी तर सगळं मापाने केलं' असं म्हणणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा इथे असतो. वाळू पसरून वाळवून घ्या, म्हणजे भानगडच नाही.

घाण्यात तंतू घाला, १२ मिमी लांबीचे, १०० ते १५० ग्रॅम. काचेचे घ्यायचे तर अल्कलीला टिकणारे, झिर्कोनिया असलेलेच घ्या. फायबरच्या होड्यांना वापरतात ती साधी काच सिमेंटच्या अल्कलीने हळूहळू खाल्ली जाते. पीव्हीए तंतूही चालतात. तंतू अगदी शेवटी, भुरभुरत. आधी टाकले तर पिंजलेल्या कापसासारखे गोळे होतात.

कानांत तार घालायची की नाही? घाला, पण स्टेनलेसची, २-३ मिमी जाडीची, कानातून डोक्यापर्यंत १० सेंमी आत जाणारी. साधी लोखंडी तार पातळ कानात नको. तिच्यावर पुरेसं काँक्रीट राहत नाही, पाणी पोचतं, गंज धरतो, आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तीन-चार वर्षांनी कान आतूनच फुटतो. हाताने छान वाकते म्हणून ॲल्युमिनियमची तार घेण्याचा मोह होतो, तीही नको. ओल्या सिमेंटमध्ये ॲल्युमिनियम हायड्रोजन सोडतं. हलक्या फुगीर ब्लॉकमध्ये बुडबुडे आणायला ॲल्युमिनियमची पूड वापरतात, तीच क्रिया तुमच्या सशाच्या कानात होईल.

ओतण्यापूर्वी हातमोजे, डोळ्यांना चश्मा, आणि कोरडं सिमेंट-वाळू मिसळताना तोंडाला एन-९५ मास्क. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो आणि ते भाजतं, पण लगेच कळत नाही. एकदा माझ्या डाव्या हातमोज्यात मनगटाकडून पाणी शिरलं. थोडं ओलं लागतंय म्हणून मी काम चालू ठेवलं. संध्याकाळी अंगठीखालची कातडी पांढरी पडून सुटली होती. मोजा आतून ओला झाला की काढा, हात धुवा, दुसरा घाला.

आता भोकांकडे येऊ. हनुवटीखाली आणि पोटाजवळच का पडली? कारण साचा उलटा होता. सरळ बसलेल्या सशात जे भाग जमिनीकडे बघतात, ते उलट्या साच्यात छतासारखे होतात. माल खालून चढत येतो, हवा त्या छताखाली कोंडते आणि तिला वाट नसते. कान मात्र सगळ्यात तळाला असतात, ते आधी भरतात, म्हणून कानांवर भोकं दिसली नसतील.

उपाय म्हणजे दोन टप्प्यांत काम. आधी लेपाचा थर: थोडं सिमेंट आणि सम प्रमाणात अगदी बारीक चाळलेली वाळू, तंतू नाहीत, पेंटसारखं घट्ट. हा लेप ब्रशने साच्याच्या आतून सगळीकडे ३-४ मिमी लावा. कानांत ब्रश पोचत नसेल तर आधी थोडा लेप ओतून साचा गोल फिरवा. हनुवटी, पोट, पायांच्या आतल्या बाजू इथे ब्रश टेकवत टेकवत हवा मारा. मग थांबा. बोट लावलं तर ठसा उमटतो, पण बोटाला माल येत नाही, अशी वेळ येते. वाऱ्या-उन्हाप्रमाणे अर्धा ते एक तास. त्या वेळी मागचा माल भरायचा. आधी भरलात तर लेप घसरून कानांत जमा होतो. लेप वाळून फिका पडल्यावर भरलात तर दोन थर एकजीव होत नाहीत, आणि पुढे कधीतरी चेहऱ्याचा पापुद्रा निघतो.

माल एका बाजूने, बारीक धारेने सोडा, साचा थोडा तिरका ठेवून, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. सशाची हनुवटी वरच्या अंगाला येईल अशा बाजूला साचा कलता करू नका, उलट बाजूला करा. एक तृतीयांश भरला की थांबून खोळीवर रबरी हातोडीने ठोका. सँडर, म्हणजे लाकूड घासायचं विजेचं यंत्र, असेल तर पॉलिशचा कागद काढून त्याचा पाट खोळीला टेकवा. वर बुडबुडे फुटताना दिसतील. ते कमी झाले की थांबा. फार वेळ हलवत राहिलात तर वाळू खाली बसते आणि वर नुसतं पाणी येतं.

२५ किलोचा ससा नको असेल तर आत थर्माकोलचा गाभा ठेवता येतो. मोठे प्राणी भरीव ओतण्यात शहाणपणा नसतोच. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी १८५४ मध्ये उभे केलेले डायनोसॉर आठवा. त्यातल्या इग्वानोडॉनच्या पोटात लोखंडी खांब आणि ६०० विटा आहेत. त्याच इग्वानोडॉनच्या साच्यात १८५३ च्या ३१ डिसेंबरला पाहुण्यांना बसवून मेजवानी दिली होती! असो, आपला गाभा थर्माकोलचा. त्याची गंमत अशी की तो तरंगतो. ३ लिटरचा तुकडा ओल्या मालात साडेसहा किलोच्या जोराने वर उठतो. मी पहिल्या वेळी, एक डुक्कर ओतताना, तो सुतळीने बांधला होता. भरून झालं, बूड थापलं, हात धुऊन आलो, तर बुडातून पांढरं टोक वर आलेलं. ढकलून खाली दाबलं तर एका कुशीला गेलं. ते डुक्कर साच्यातून निघालं तेव्हा एका बाजूला १० सेंमी जाड आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याएवढं. गाभ्यातून जाड सळई आरपार घाला, ती बुडावर आडव्या ठेवलेल्या फळीला आणि फळी खोळीला पक्की करा. सगळीकडून ३० मिमी तरी काँक्रीट राहू द्या. पण पाच-सहा सशांसाठी एवढा खटाटोप? मी भरीवच ओतेन. बागेत ठेवलेला जड ससा कुणी उचलून नेत नाही आणि वाऱ्याने पडत नाही.

बूड सपाट करून प्लॅस्टिकने झाका. २४ तासांनी खोळ काढा. हवा थंड असेल तर ४८ तास. पाच अंशांच्या खाली तापमान असेल तर ओतूच नका. रबर सोलण्याआधी नागमोडी कापातून साबणाचं पाणी आत सोडा आणि हाताने दाबून ते सगळीकडे पसरू द्या. मग पाठीकडून उघडा, पोटाकडे या आणि कान शेवटी. कानांवरून रबर ओढायचं नाही, मोजा उलटा करतो तसं गुंडाळत न्यायचं, दुसऱ्या हाताने कानाला मुळाशी आधार देऊन.

या क्षणी ससा गडद राखाडी, थंड आणि ओला असतो आणि नखाने ओरखडा उठतो. हे तीन-चार तास सोन्यासारखे. शिवणीचा काठ जुन्या चाकूने तासून निघतो, डोळ्याची कडा धारदार करता येते, केसांच्या रेघा खिळ्याने पुन्हा ओढता येतात. दुसऱ्या दिवशी याच कामाला ग्राइंडर लागेल. राहिलेली बारीक भोकं सिमेंटच्या पातळ लगद्याने भरा, पण त्यात तिसरा हिस्सा पांढरं सिमेंट मिसळा. नुसत्या करड्या सिमेंटचं ठिगळ वाळल्यावर भोवतीच्या भागापेक्षा गडद दिसतं.

नंतर ओल्या फडक्यात आणि वरून प्लॅस्टिकमध्ये सात दिवस. प्लॅस्टिक थेट अंगाला चिकटू देऊ नका. जिथे टेकतं तिथे आणि सुरकुतीच्या जागी रंगाचे नकाशे उमटतात. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण हिशोब २८ दिवसांचा. तोवर कान धरून उचलू नका. ऐकायला सोपं वाटतं, पण ससा म्हटला की माणसं कानालाच हात घालतात.

रंग हवा असेल तर तो मालातच घाला. आयर्न ऑक्साइडचा पिवळा, लाल, तपकिरी, काळा. सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्के म्हणजे ८ किलोला ४०० ग्रॅम, आणि १० टक्क्यांच्या वर कधीच नाही. सगळे ससे एका रंगाचे हवेत तर रंग वजनकाट्यावर आणि पाणीही दर वेळी तेवढंच. पाणी वाढलं की रंग फिका पडतो.

पहिल्या पावसानंतर अंगावर पांढरी बुकटी येईल. तो लोणा. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा थर होतो. घाबरायचं काही नाही. आधी कोरडाच कडक ब्रश मारा. नाही गेला तर पातळ केलेलं व्हिनेगर लावून लगेच भरपूर पाण्याने धुवा. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटलीला हात लावू नका, मिशांच्या रेघा घेऊन जाईल. सीलर लावायचाच तर २८ दिवसांनंतर आणि आत मुरणारा, सिलेन-सिलोक्सेनचा. वर चकचकीत पापुद्रा धरणारा वॉर्निश उन्हात सुटतो. ससा माशांच्या तळ्याकाठी बसणार असेल तर आधी काही आठवडे बादलीत भिजत ठेवून पाणी बदलत राहा, नाहीतर चुन्याने तळ्याचा पीएच चढतो.

दोन ओतकामांच्या मधे साचा धुऊन, पूर्ण वाळवून, सिलिकॉनला चालणारं सुटण्याचं द्रव्य पुसटसं लावा. पातळ फडक्याने, ब्रशने नको, कारण खाचांत साचलेलं द्रव्य मालावर डाग पाडतं. काम संपलं की रबर खोळीत नीट बसवून, बोल्ट आवळून, बूड खाली करून सावलीत ठेवा. मोकळं रबर पोत्यासारखं कोपऱ्यात टाकलं तर सहा महिन्यांत ते त्याच घडीत अडकतं, आणि सातवा ससा मान वाकडी करून जन्माला येतो.